क्योटोची माचिया : घर, पाहुणा आणि शेजार



आज आपण एका दुकानदाराच्या घराकडे बघणार आहोत. हे घर जपानमधल्या क्योटो शहरातलं. त्याला ‘माचिया’ म्हणतात. ‘माची’ म्हणजे पेठ. माचिया म्हणजे पेठेतलं घर. पुढे दुकान किंवा कारखाना, मागे कुटुंब. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशी पुष्कळ घरं दुरुस्त झाली आणि त्यांत प्रवासी उतरू लागले. जपानी पद्धतीच्या या मुक्कामाच्या जागेला ‘ऱ्योकान’ म्हणतात. चटयांवर गादी घालून झोपायचं, लाकडी टबात कढत पाण्यात बसायचं, कागदी दारांतून गाळून येणाऱ्या उजेडात चहा घ्यायचा. आपल्याकडचेही लोक आता तिकडे जातात आणि परत आल्यावर सांगतात, ‘आम्ही अस्सल जुन्या घरात राहिलो.’

आमची अडचण त्या ‘अस्सल’ शब्दापाशी सुरू होते. घराचे खांब वाचले, कौलं वाचली, मागचं अंगणही वाचलं. पण ज्या कुटुंबासाठी ते बांधलं ते गेलं, ज्या धंद्यासाठी बांधलं तो बंद पडला. मग नेमकं काय वाचलं? हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. पण क्योटोत तो रोज उभा राहतो, आणि त्याचं उत्तर नगरपालिकेला, घरमालकाला आणि शेजाऱ्याला द्यावं लागतं. म्हणून तो इतिहासाच्या अंगानं समजून घेऊ.

क्योटो ही ७९४ मध्ये वसवलेली राजधानी. चिनी राजधानीच्या धर्तीवर सरळ, काटकोनी रस्ते आखले आणि साधारण १२० मीटर लांबी-रुंदीचे चौरस पाडले. सुरुवातीला रस्त्याच्या कडेला भिंती होत्या. पुढे दरबाराचा जोर ओसरला, व्यापार वाढला आणि सामान्य लोकांची घरं थेट रस्त्याला येऊन भिडली. आता बघा, लक्ष्मी येते ती रस्त्याच्या बाजूनं. त्यामुळे प्रत्येकाला रस्त्याचा तुकडा हवा. परिणाम असा की घरं अरुंद आणि खोल झाली. तोंड पाच-सहा मीटरचं, लांबी वीस-तीस मीटरची. जपानी लोक त्याला थट्टेनं ‘ईल माशाचं अंथरूण’ म्हणतात. वाटाडे सांगतात की कर घराच्या रुंदीवर होता म्हणून हा आकार आला. रुंदीवर वर्गणी मोजण्याची पद्धत होती हे खरं, पण मूळ कारण साधं आहे : ग्राहक जिथून जातो तिथे आपलं दार पाहिजे. चौरसाचा मधला भाग मात्र रिकामा पडायचा. १५९० मध्ये हिदेयोशी या सत्ताधीशानं अनेक चौरसांच्या मधून नवे रस्ते काढले आणि ती जागाही वस्तीखाली आणली. आजच्या मध्य क्योटोचा साचा तेव्हापासूनचा.

आत शिरू या. दारावर कापडी पडदा, बाजूला लाकडी जाळी. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. दारातून थेट मागपर्यंत एक मातीचा बोळ जातो, ‘तोरीनिवा’. यातच चूल, पाण्याची जागा, कधी विहीर. चुलीच्या वर माळा नाही. छप्परापर्यंत उंच पोकळी सोडलेली. धूर वर जावा आणि ठिणगी उडाली तरी लगेच लाकडाला लागू नये, हा हेतू. बोळाच्या एका अंगाला खोल्यांची रांग : आधी ‘मिसे’, म्हणजे दुकान, मग मधली खोली, मग ‘ओकु’, म्हणजे सर्वांत आतली. तिच्यामागे अंगण आणि अगदी शेवटी जाड मातीच्या भिंतींचं कोठार. माणसाला कुठवर आत घ्यायचं ते या रांगेवरून ठरे. गिऱ्हाईक मिसेमध्ये, ओळखीचा मधल्या खोलीत, मानाचा पाहुणा ओकुमध्ये. ज्यांनी ओसरी, माजघर असलेल्या घरात लहानपण काढलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

क्योटो डोंगरांच्या वाटीत बसलेलं आहे. उन्हाळा दमट आणि जीव नकोसा करणारा. म्हणून लांबट घराच्या मध्ये एक छोटं अंगण, मागे दुसरं. दोन्हींच्या तापमानात थोडा फरक राहतो आणि त्या फरकानं वाऱ्याची झुळूक घरातून फिरते. जून आला की कागदी दारं काढून ठेवतात आणि त्यांच्या जागी वेताच्या बारीक काड्यांच्या जाळ्या लावतात. म्हणजे हे घर ऋतूप्रमाणे कपडे बदलतं.

आणि त्याचे कपडे मापात शिवलेले आहेत. क्योटोकडची चटई, ‘तातामी’, साधारण १९१ सेंटिमीटर लांब आणि साडेपंचाण्णव रुंद. खोल्या या मापाच्या पटीत बांधायच्या. ओसाकात तर अशी चाल होती की घरमालक फक्त सांगाडा भाड्यानं देई. चटया आणि सरकती दारं भाडेकरू आपली घेऊन येई, आणि जाताना घेऊन जाई. माप सगळीकडे तेच, त्यामुळे अडत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : या परंपरेत घराचा बराचसा भाग मुळातच बदलण्यासाठी, हलवण्यासाठी केलेला होता.

पण माचिया म्हणजे एकटं घर नव्हे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरं मिळून एक ‘चो’ होई. चो म्हणजे आळी म्हणा. गंमत अशी की पाठीला पाठ लावून असलेलं घर दुसऱ्या चोमध्ये, आणि रस्त्यापलीकडचं आपल्या चोमध्ये. रस्ता इथे माणसांना तोडत नाही, जोडतो. १४६७ ते १४७७ या ओनिन युद्धाच्या काळात शहराची राखरांगोळी झाली. राखायला कोणी समर्थ उरलं नाही, तेव्हा आळ्यांनीच आपली वेस घातली, रात्री फाटकं लावली, पहारे ठेवले. सोळाव्या शतकापासून चोचे लेखी नियम सापडतात. घर विकायचं तर चोची संमती लागे. नवा मालक आला की त्यानं चोला ठरावीक रक्कम द्यायची, सर्वांना भेटायचं. कोणता धंदा या आळीत चालेल आणि कोणता नाही, हेही चो ठरवी. म्हणजे घर माझं खरं, पण पूर्णपणे माझं नव्हे. जुलैतल्या गिऑन उत्सवात जे उंच रथ निघतात तेही एकेका चोच्या मालकीचे.

याच शेजारधर्माची एक लहानशी खूण क्योटोत अजून दिसते. सकाळी दारापुढचा रस्ता झाडायचा. आपल्या हद्दीपुरता झाडायचा आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर, फार तर हातभर. अजिबात पुढे गेलं नाही तर माणूस तुटक ठरतो. सगळंच झाडलं तर शेजाऱ्याला वाटतं, आपल्याला टोमणा मारला. आम्हांला हे नीतिशास्त्राच्या एखाद्या प्रकरणाइतकं मोलाचं वाटतं. परोपकार किती करावा याचं इतकं नेमकं माप ग्रंथांत क्वचित सापडतं.

आता ‘जुनं’ म्हणजे किती जुनं ते पाहू. १७८८ च्या आगीत बहुतेक शहर जळालं. १८६४ मध्ये राजवाड्याच्या हामागुरी दरवाजापाशी लढाई झाली आणि तिच्या आगीत पुन्हा हजारो घरं गेली. उत्सवाचे रथही जळाले. त्यांतला एक, नावेच्या आकाराचा, पुन्हा मिरवणुकीत यायला २०१४ उजाडलं. मध्ये दीडशे वर्षं गेली. त्यामुळे मध्य क्योटोत आज उभी असलेली बहुतेक माचिया घरं त्या आगीनंतरची आहेत. साचा चारशे वर्षांचा, पण लाकूड शंभर-दीडशे वर्षांचं.

दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या लक्ष्यांच्या यादीत क्योटोचं नाव होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ते काढायला लावलं. मोठ्या बाँबहल्ल्यांतून शहर वाचलं. पण १९४५ मध्ये आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे करायचे ठरलं आणि सरकारनंच रांगाच्या रांगा घरं पाडली. आजचे ओइके आणि गोजो हे रुंद हमरस्ते म्हणजे ते पट्टे. शत्रूनं सोडलं, ते भीतीनं पाडलं.

खरी गळती मात्र शांततेच्या काळात लागली. १९५० चा इमारत कायदा हे तिचं एक कारण. माचियाचे खांब दगडावर नुसते ठेवलेले असतात. भूकंपात घर डोलतं, थोडं सरकतं. नव्या कायद्याला घट्ट पाया हवा होता. त्यामुळे जुन्या पद्धतीचं घर नव्यानं बांधणं जवळजवळ अशक्य झालं; उभी होती ती ‘आहेत तशी’ चालू दिली. दुसरं कारण पैशाचं. जपानच्या करहिशेबात लाकडी राहत्या घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात. म्हणजे नव्वद वर्षांच्या घराची किंमत कागदावर शून्य आणि खालच्या जमिनीची अफाट. वडील गेले की वारसा कर भरायचा, तो कुठून? जमीन विकून. आणि जमीन विकायची तर घर पाडून. नगरपालिकेनं केलेल्या गणनेनुसार २०१६ च्या सुमारास शहरात जेमतेम ४०,००० माचिया उरल्या होत्या, आणि त्याआधीच्या सात वर्षांत ५,६०० च्या आसपास नाहीशा झाल्या होत्या. रोज दोन घरं, असा हिशेब पडतो. आपण हे व्याख्यान संपवून घरी जाऊ, तोवर एखादं घर पाडून व्हायचं.

या पार्श्वभूमीवर पाहुणे आले. जपानला प्रवासी सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. १६०१ पासून एदो, म्हणजे आजचं टोकियो, ते क्योटो या तोकाइदो मार्गावर मुक्कामाची गावं ठरत गेली. ती पुढे ५३ झाली. सरदारांसाठी एक प्रकारचं घर, सामान्यांसाठी जेवणासह उतरायचं दुसरं, आणि गरिबांसाठी तिसरं, जिथे माणूस आपला तांदूळ आपण शिजवी आणि फक्त सरपणाचे पैसे देई. म्हणजे घरात परका उतरवणं हे नवं नाही. नवं हे की क्योटोत दुकानदाराचं राहतं घरच आता पूर्णपणे पाहुण्याचं झालं.

२००४ च्या सुमारास ॲलेक्स कर हे अमेरिकन लेखक आणि त्यांचे सहकारी यांनी काही माचिया दुरुस्त करून प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. कल्पना रुजली. २०१२ मध्ये नगरपालिकेनं माचियापुरती एक सवलत दिली : अख्खं घर एकाच गटाला देणार असाल तर दाराशी नोंदणीचं टेबल आणि माणूस नसला तरी चालेल. २०१८ मध्ये देशाच्या कायद्यातली, ऱ्योकानला किमान पाच खोल्या हव्यात ही अटही गेली. मधल्या काळात परदेशी प्रवाशांचा लोंढा आला. क्योटोतल्या छोट्या निवासांची संख्या पाच-सहा वर्षांत काही शेंवरून तीन हजारांवर गेली.

आम्ही राहिलो ते घर विणकराचं होतं, निशिजिन भागात. निशिजिन म्हणजे रेशमी जरीकामाची पेठ. इथल्या घरांत माग मागच्या बाजूला असे, मातीच्या जमिनीवर, उंच छपराखाली. माग उंच असतो आणि सुताला थोडी ओल मानवते. १८७० च्या दशकात इथल्या विणकरांनी फ्रान्समधल्या ल्यों शहरातून जाकार माग आणला, आणि मग पेठेत दिवसभर त्याचा खटखटाट चाले. आम्ही उतरलो त्या घरात मागाच्या जागी आता न्हाणीघर आहे, सुगंधी लाकडाचा टब असलेलं. दुरुस्ती फार मायेनं केलेली. कुजलेला खांबाचा पाय कापून नवं लाकूड असं जोडलं होतं की सांधा बोटांनी शोधावा लागे. जिना मात्र इतका उभा की आमच्या वयाच्या माणसानं तो देवाचं नाव घेऊनच चढावा. दाराचं कुलूप आकड्यांवर उघडणारं. मालक चार दिवसांत दिसले नाहीत. भिंतीवर एक सूचना होती : रात्री नऊनंतर आवाज करू नये, शेजारी लोक राहतात. ज्या घराचा धर्मच आवाज करणं हा होता, त्याला आता शांत राहायला सांगावं लागत होतं.

इथे आपण मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाची गोष्ट आहे. एकेक फळी बदलत सगळं जहाज बदललं, तर ते तेच का? पाश्चात्त्य स्मारकविचार बराच काळ फळीच्या बाजूनं होता : मूळ दगड, मूळ लाकूड हवं. जपाननं याला वेगळं उत्तर दिलं आहे. इसे इथलं महामंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात. २०१३ मध्ये ते ६२ व्यांदा झालं. लाकूड नवं, पण हात आणि रीत जुनी. १९९४ मध्ये नारा शहरात जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी मान्य केलं की अस्सलपणाला एकच फूटपट्टी नाही. साहित्याबरोबर कारागिरी, जागा, भाव आणि उपयोगही पाहायला हवा.

आमच्या मते याहून नेमकं उत्तर मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात आहे. नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथात आलास, तर रथ कोणता ते दाखव. चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग नुसते एकत्र केलेला ढीगही रथ नव्हे. शेवटी दोघं येतात ते इथे की भाग एकमेकांशी ठरावीक नात्यात असतात, तेव्हा आपण ‘रथ’ हे नाव वापरतो. नागसेनाला यातून आत्म्याविषयी बोलायचं होतं. आपण ते घराला लावू.

तसं लावलं की लाकडाचा प्रश्न सुटतो. माचियाची चटई उलटायची आणि मग बदलायची, कागद दरवर्षी नवा, भिंतीची माती उतरवून पुन्हा मळून लावता येते. बदल हा या घराचा दोष नाही, स्वभाव आहे. ज्या सुतारानं सांधा जोडला त्यानं घर खोटं केलं नाही, चालू ठेवलं. आणि हे काम चालू राहिलं म्हणून सुतार, गवंडी, चटया विणणारे टिकले. पाहुण्यांच्या पैशाशिवाय यांतली पुष्कळ घरं आज वाहनतळ झाली असती. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण नात्याचा प्रश्न उरतो. माचियाची दोन नाती होती : दुकान आणि कुटुंब यांचं आतलं, घर आणि चो यांचं बाहेरचं. पहिलं नातं रूप बदलून जगू शकतं. मुक्कामाचा धंदा हाही धंदाच. जाळीमागे पुन्हा कोणी तरी वर्दळीची वाट पाहत बसलं, तर मिसे जिवंत झालीच की. दुसरं नातं कुलूपबंद घरात जगत नाही. पाहुणा चार दिवसांनी जातो. कचरा कोणत्या वारी ठेवायचा, उत्सवाचा दोर कोणी ओढायचा, पलीकडची आजी दोन दिवस दिसली नाही तर दार कोणी ठोठवायचं, हे त्याचं काम नव्हे. आळीत अशी दोन घरं असली तर चालतं. दहा झाली की चो नकाशावर राहतो आणि रस्त्यावरून नाहीसा होतो. कोरोनाच्या काळात पाहुणे थांबले तेव्हा हे उघडं पडलं. ज्या दारामागे कुटुंब होतं तिथे दिवा लागत राहिला. बाकीच्या दारांना फक्त कुलपं.

क्योटोला हे कळलं होतं. २०१७ मध्ये शहरानं नियम केला की १९५० पूर्वीच्या पारंपरिक माचिया पाडायच्या असतील तर आधी कळवा. महत्त्वाच्या म्हणून नोंदलेल्यांसाठी वर्षभर आधी. म्हणजे कोणी तरी घेणारा शोधायला अवधी मिळेल. आणि २०१८ पासून आणखी एक अट आली : छोट्या निवासाचा सांभाळ करणारा माणूस तिथे राहत नसेल, तर दहा मिनिटांत पोचेल इतक्या अंतरावर तरी हवा. यजमान म्हणजे काय, याची कायद्यानं केलेली व्याख्या आहे ही. दहा मिनिटं. आपल्याला हसू येईल, पण आम्हांला त्यात एका शहराची तगमग दिसते. जे चो पूर्वी न लिहिता सांभाळत होता, ते आता घड्याळानं मोजावं लागतंय.

दुसरी वाट त्सुमागोनं घेतली. नागानो प्रांतातल्या डोंगरी मार्गावरचं हे मुक्कामाचं गाव. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी आपसांत करार केला : घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. तिथेही पाहुणे उतरतात, पण घरच्यांच्या हातचं जेवतात. मग क्योटोनं तसंच का केलं नाही? क्योटो व्यापाराचं शहर आहे. तिथे घरं नेहमीच विकली गेली, भाड्यानं दिली गेली. फक्त त्या व्यवहारात चोचा शब्द चाले. म्हणून क्योटोचं उत्तर विक्री थांबवण्यात नाही. येणारा नवा मालक, मग तो निवास चालवणारा का असेना, त्याला आळीचा सभासद करून घेण्यात आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर जरूर जा, माचियातच उतरा. घर किती जुनं, हे विचारण्यापेक्षा सकाळी लवकर उठून दारात उभे राहा आणि रस्ता कोण झाडतंय ते बघा. झाडणारं कोणी असेल आणि त्याचा झाडू शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर जात असेल, तर त्या घराला माचिया म्हणायला आमची काही हरकत नाही.